तारीख, ठिकाण, फुलाचा रंग: झाडांच्या अभ्यासकांच्या घरून आलेले प्रश्न

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की कॉलेजातून रिटायर झाल्यावरही माझं झाडांचं काम चालू आहे, आणि तुमच्याही घरात असं कुणी असेल तर विचारा काय विचारायचं ते. पत्रं भरपूर आली. त्यातली बहुतेक अभ्यासकांची नाहीतच, सुनांची, बायकांची, मुलींची, नातवंडांची आहेत. मला ते फार आवडलं कारण म्हातारपणी हा अभ्यास एकट्याने होत नाही, घर सोबत असेल तरच होतो, आणि याबद्दल कुणी बोलत नाही. सगळ्यांना उत्तर देणं जमलं नाही, सारखे सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न: मॅडम, माझे सासरे ८३ वर्षांचे आहेत, बॉटनी शिकवायचे. त्यांच्या खोलीत कपाटावर, पलंगाखाली, जिकडे बघाल तिकडे पेपरात दाबलेली झाडं. डांबरगोळ्यांचा वास एवढा की आत उभं राहवत नाही आणि ते तिथेच झोपतात. माझा मुलगा पाच वर्षांचा आहे, आजोबांच्या मागे मागे असतो, सगळ्याला हात लावतो. आवरायला काढलं की सासरे चिडतात. काय करू?

काम बंद करायला सांगू नका, वास बंद करा. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बऱ्याच घरात त्या एकत्र होऊन भांडण होतं.

डांबरगोळी म्हणजे नॅप्थलीन, ते हळूहळू हवेत उडत राहतं, आणि बंद खोलीत रात्रभर तो वास घेत झोपणं कुणालाच चांगलं नाही, म्हाताऱ्या माणसाला आणि लहान मुलाला तर नाहीच. डोकं दुखतं, मळमळतं, आणि काही जणांच्या रक्तात जन्मतःच एका एन्झाइमची कमी असते त्यांच्या तांबड्या पेशी त्याने फुटतात. त्यामुळे गोळ्या त्या खोलीतून आजच बाहेर. मग किडीचं काय, असं सासरे विचारतील आणि ते बरोबरच आहे, वाळलेल्या झाडांना बारीक भुंगेरे लागतात ते सगळं भुसा करून टाकतात. त्यावर आता हर्बेरियमवाले, म्हणजे वाळवलेल्या झाडांचे संग्रह सांभाळणारे, फ्रीझर वापरतात. गठ्ठा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करायचा, उणे १८ ते २० अंशाच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवायचा आणि बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, खोलीइतकी गरम होऊ द्यायची, नाहीतर थंड कागदावर पाणी धरतं आणि मग बुरशी. नंतर कोरड्या बंद डब्यात. जेवणाखाण्याच्या वस्तू असतात तो फ्रीझर मात्र नको.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. त्यांना शांतपणे विचारा की जुन्या शीटना, म्हणजे झाड चिकटवलेल्या जाड कागदांना, मर्क्युरिक क्लोराईड हे पाऱ्याचं विष लावलं होतं का. आमच्या पिढीपर्यंत ही अगदी नेहमीची पद्धत होती, स्पेसिमेन म्हणजे वाळवलेला नमुना त्या द्रावणात बुडवून मग चिकटवायचा, आणि तो पारा वर्षानुवर्षं कागदात राहतो. अशा शीट वेगळ्या बांधा, वर मोठ्या अक्षरात विष असं लिहा, हातमोज्याशिवाय हात लावायचा नाही, झटकायच्या नाहीत. नातवाला त्या गठ्ठ्यापासून पूर्ण लांब ठेवा. ताज्या आणलेल्या, नुसत्या दाबून वाळवलेल्या झाडांना त्याने हात लावला तर हरकत नाही, फक्त नंतर हात धुवायचे.

आणि आवरण्याबद्दल. ते चिडतात त्याला कारण आहे. तुम्हाला जो जुना पेपर वाटतो त्यावर तारीख असते. जपानमधले वनस्पतिशास्त्रज्ञ तोमितारो माकिनो १९५७ मध्ये ९४ व्या वर्षी गेले, जवळपास ४ लाख स्पेसिमेन मागे ठेवून, आणि त्यातली कितीतरी तशीच वर्तमानपत्रात गुंडाळलेली होती, धड लेबल नसलेली. पुढे टोकियोमध्ये विद्यापीठाने त्यांच्या नावाचं हर्बेरियम काढलं आणि ते सगळं लावायला लोकांची वर्षंच्या वर्षं गेली. तो पेपर टाकून दिला असता तर झाड कधी तोडलं याचा उरलासुरला पुरावाही गेला असता. म्हणून पेपर बदलायचाच असेल तर आधी त्यावरची तारीख आणि मार्जिनमध्ये पेन्सिलने काही लिहिलं असेल ते सगळं नव्या चिठ्ठीवर उतरवा, चिठ्ठी त्याच झाडासोबत ठेवा, मग पेपर बदला. हे तुम्ही सासऱ्यांसमोर बसून केलंत ना, तर मला खात्री आहे ते चिडणार नाहीत. तेच सांगत बसतील, तुम्ही लिहा.

प्रश्न: माझे मिस्टर ७८ चे आहेत. नोकरीत होते तेव्हा सुट्टी म्हणजे जंगल. मुलांची आजारपणं, परीक्षा, सासूबाईंचं सगळं मी एकटीने काढलं. वाटलं होतं रिटायर झाल्यावर तरी घरात असतील. घरात असतात पण मायक्रोस्कोपला डोळा लावून. मी काही बोलले तर म्हणतात माझ्याकडे वेळ थोडा उरलाय. माझ्याकडे जास्त उरलाय का?

नाही. तुमच्याकडेही तेवढाच उरलाय, आणि हे वाक्य त्यांना मोठ्याने वाचून दाखवा, माझ्या नावाने दाखवा.

आमच्या विषयाच्या इतिहासात बायकांनी काय काय ओढलं ते फार कमी लिहिलं गेलंय. वर ज्यांचं सांगितलं त्या माकिनोंची बायको सुए, तिची १३ बाळंतपणं झाली, घरात कर्ज, नवरा झाडं आणि पुस्तकं यात पैसे घालणारा, तर घर चालावं म्हणून तिने स्वतः धंदा काढला. ती १९२८ मध्ये गेली. त्यानंतर माकिनोंनी एका बांबूसारख्या गवताला तिचं नाव दिलं, सासा सुएकोआना. लोक ही गोष्ट फार कौतुकाने सांगतात पण मला ती वाचली की दरवेळी वाटतं की नाव ती जिवंत असताना द्यायला हवं होतं, आणि नावाबरोबर थोडा वेळही. दुसरं उदाहरण इंग्लंडमधलं, वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर यांची पहिली बायको फ्रान्सिस. ती वनस्पतिशास्त्रज्ञाचीच मुलगी, तिने वनस्पतिशास्त्राचं एक जाडजूड फ्रेंच पुस्तक इंग्रजीत आणलं, म्हणजे ती काही नुसती घर सांभाळणारी नव्हती, पण नाव कुणाचं माहितीये? हूकर म्हटलं की जोसेफ.

तर मी तुमच्या मिस्टरांना तीन गोष्टी सांगेन. एक, दिवसातले ठरलेले तास कामाचे, ते संपले की मायक्रोस्कोपवर कव्हर. म्हातारपणी डोळे तसेही सलग तीन तास चालत नाहीत, चार वाजल्यानंतर बघितलेलं दुसऱ्या दिवशी परत बघावंच लागतं, त्यामुळे अभ्यासाचं काही नुकसान नाही. दोन, आठवड्यातला एक दिवस पूर्ण तुमचा, आणि त्या दिवशी फिरायला गेलात तर पिशवी आणि कटर घरी. तीन, ज्या ज्या सहलीत तुम्ही सोबत होतात, झाडं धरलीत, पेपर बदललेत, त्या लेबलवर गोळा करणाऱ्याच्या जागी तुमचंही नाव जाऊ दे. हे मी मनापासून सांगतेय, ते उपकार म्हणून नाही करायचं, ती नोंद खरी व्हावी म्हणून करायचं, कारण लेबलवर कोण होतं हे लिहायचंच असतं आणि तुम्ही होतात.

तुम्हाला त्यात रस नसेल तर नसू दे, झाडं आवडलीच पाहिजेत असं नाही. तुम्ही वेळ मागताय तो झाडांमधला नाही, त्यांचा.

प्रश्न: मी स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ, वय ८०. गुडघे गेले, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, हात थोडा थरथरतो. डोंगर चढणं संपलं. मुलगा म्हणतो बाबा आता आराम करा. फील्डशिवाय बॉटनी म्हणजे काय राहिलं?

सर, पुष्कळ राहिलं.

जोसेफ हूकर १८८५ मध्ये लंडनच्या क्यू गार्डन या वनस्पती उद्यानाच्या डायरेक्टरपदावरून उतरले, त्यानंतर फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडियाचे ७ खंड १८९७ मध्ये पूर्ण झाले तेव्हा त्यांना ८० वं लागलं होतं, आणि मग त्यांनी काय घेतलं तर तेरड्याचं जीनस (जवळच्या जातींचा गट), इम्पेशन्स. त्यापेक्षा अवघड काही नाही, ज्याने तेरडा दाबलाय त्याला माहितीये, फूल इतकं नाजूक की वाळताना सगळे भाग एकमेकांना चिकटून एक डाग उरतो आणि ओळख तर त्या भागांवरच. हूकर घरी बसून वेगवेगळ्या हर्बेरियमच्या शीट मागवायचे, फूल भिजवून सुटं करायचं, चित्र काढायचं, नोंद करायची. १९११ मध्ये ९४ व्या वर्षी गेले तोवर हेच चालू होतं.

इंग्लंडमधल्या वनस्पतिशास्त्रज्ञ अॅग्नेस आर्बर यांचं तर मला जास्त जवळचं वाटतं. नवरा १९१८ मध्ये गेला, पदरात एक मुलगी, केंब्रिजमध्ये ज्या लॅबमध्ये त्या काम करायच्या ती १९२७ मध्ये बंद झाली. त्यांनी घरातल्याच एका मागच्या खोलीत मायक्रोस्कोप मांडला आणि पुढची वर्षं तिथेच काढली. १९४६ मध्ये रॉयल सोसायटीच्या फेलो झाल्या, वय ६७. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लॅबचं सामान मिळेना तेव्हा त्यांनी सेक्शन, म्हणजे मायक्रोस्कोपखाली बघायचे पातळ काप, कापणं थांबवलं आणि झाडांच्या आकारांबद्दल विचार करणं, लिहिणं हे काम धरलं. म्हणजे हाताने जमत नाही तेव्हा कामाची जात बदलली, काम सोडलं नाही.

आता तुमच्या घरात काय करता येईल ते. मायक्रोस्कोपला कॅमेरा लावून चित्र मोठ्या स्क्रीनवर घ्या, डोळा भिंगाला चिकटवून मान अवघडायची गरज नाही आणि शिवाय घरातल्या इतरांनाही दिसतं, हा फायदा छोटा नाही. हात थरथरतो तर फूल सुटं करायचं काम नातवंडांपैकी कुणाला तरी द्या, तुम्ही स्क्रीनवर बघून सांगा कुठे टोचायचं. चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस असंच करायचे, झाडांच्या हालचालींवरचं त्यांचं पुस्तक १८८० मध्ये आलं तेव्हा डार्विन ७१ चे होते. घरातल्या कुंड्या, रोपाच्या शेंड्याला बारीकसा तंतू चिकटवलेला, समोर काच, आणि दर थोड्या वेळाने काचेवर एक ठिपका, बास. गवताच्या कोंबाचं टोक झाकलं तर तो उजेडाकडे वळत नाही हे त्यातूनच निघालं आणि पुढे ऑक्झिनचा, म्हणजे झाडाची वाढ ठरवणाऱ्या संप्रेरकाचा, सगळा अभ्यास त्या वाटेने गेला. त्याच्याही आधी आजारपणात खोलीतून बाहेर पडता येत नव्हतं तेव्हा डार्विननी कुंडीत हॉपची वेल आणून तिचा शेंडा कसा गोल फिरतो ते रात्रंदिवस बघितलं होतं, ते १८६५ च्या वेलींवरच्या लेखनात आहे.

आणि चालवतच नसेल तर खिडकीतून दिसणारं एक झाड धरा. पहिली पालवी कधी, पहिलं फूल कधी, पहिलं पिकलेलं फळ कधी, पानगळ कधी, कोण येतं त्याच्यावर. रोज बघायचं, काही झालं नसेल तरी काही नाही असं लिहायचं. इंग्लंडमध्ये रॉबर्ट मार्शम नावाच्या जमीनदाराने १७३६ मध्ये अशा नोंदी सुरू केल्या, पहिलं फूल, पहिलं पान, पहिला पक्षी, आणि तो १७९७ मध्ये गेल्यावर त्याच्या घरातल्यांनी, पुढच्या पिढ्यांनी त्या १९५८ पर्यंत चालू ठेवल्या. हवामान बदलल्यावर झाडं किती लवकर फुटतात हे तपासताना आजचे शास्त्रज्ञ त्या वह्या वापरतात. त्यासाठी डोंगर चढावा लागत नाही.

मुलाला सांगा, आराम चाललाय.

प्रश्न: मी अकरावीत आहे. आजोबा बॉटनीचे प्रोफेसर होते. ते मला कुळं शिकवतात पण पुस्तकात वेगळं असतं. ते म्हणतात सागाचं कुळ व्हर्बिनेसी, नेटवर लॅमिएसी येतं. बाभळीचं नाव पण वेगळं. मी करेक्ट केलं की ते गप्प होतात आणि मला वाईट वाटतं. कोण बरोबर?

आत्ताचं बरोबर म्हणशील तर तू बरोबर आहेस. पण आजोबा चुकीचं शिकवत नाहीयेत, हे नीट समजून घे.

आजोबा शिकले ती बेंथम आणि हूकर यांची पद्धत, १८६२ ते १८८३ मध्ये छापलेली. हा तोच वरचा हूकर. त्यांनी झाडं हातात घेऊन, फूल उघडून जे दिसतं त्यावरून गट पाडले. अजूनही कित्येक हर्बेरियममधली कपाटं त्याच क्रमाने लावलेली आहेत कारण झाड हातात घेऊन शोधायला ती सोयीची पडते. १९९८ पासून डीएनएच्या आधारावर एपीजी नावाची मांडणी आली, तिची चौथी आवृत्ती २०१६ ची. त्यात नातं बघतात, कोण कुणापासून आलं. त्यामुळे साग तुळशीच्या कुळात गेला, रुईचं वेगळं कुळ होतं ते कण्हेरीच्या कुळात मिसळलं, सावर जास्वंदीच्या कुळात आली. बाभळीचं जरा वेगळं आहे, अकेशिया हे जीनस फोडायचं ठरलं, आणि ते नाव कुणाकडे राहणार यावर २००५ मध्ये व्हिएन्नाला आणि परत २०११ मध्ये मेलबर्नला जोरदार भांडण झालं, शेवटी नाव ऑस्ट्रेलियाच्या झाडांना गेलं आणि आपली बाभूळ झाली व्हॅचेलिया, खैर झाला सेनेगालिया. आमच्या वयाच्या कितीतरी लोकांना ते अजून पचलेलं नाही, मलाही जड गेलं.

तू काय कर, करेक्ट करू नकोस, विचार. आजोबा, हे व्हर्बिनेसीत का घातलं होतं, फुलात काय दिसत होतं? मग ते तुला फूल उघडून दाखवतील आणि ते जे दाखवतील ते डीएनएने खोटं ठरत नाही, दोन बीजांडं आहेत की चार, पुंकेसर किती, हे आजही तेच आहे. तू त्यांना नवी नावं सांग आणि एका वहीत समोरासमोर लिहा, जुनं कुळ, नवं कुळ, का हललं. ती वही तुला पुढे एमएस्सीपर्यंत पुरेल.

प्रश्न: मोबाईलवर फोटो काढला की ॲप नाव सांगतं. मग आईने या वयात एवढा खटाटोप कशाला करायचा?

ॲप चांगलं आहे, मीही वापरते, जीनसपर्यंत पोचायला झटकन मदत होते. पण गवतं, तेरडे, आमरीतले (ऑर्किडमधले) जवळजवळचे प्रकार, इथे ओळख फुलाच्या आतल्या भागावर किंवा फळाच्या बीवर असते, ते फोटोत दिसतच नाही. आणि ॲपला शिकवायला ज्या फोटोंची नावं लागतात ती आधी कुणीतरी तुमच्या आईसारख्यांनी बरोबर ओळखलेली असावी लागतात. आईला म्हणा फोटो तुम्ही काढा आणि नाव तिला तपासू द्या, तिच्या दुरुस्त्या ॲपवर टाका. तुम्हा दोघांना एकत्र करायला काहीतरी होईल.

प्रश्न: वडील ८६ वर्षांचे. आता विसरायला लागलेत. कधी मला ओळखतात कधी नाही, पण झाडाचं नाव विचारलं की लॅटिनमधून सांगतात. घरात त्यांचं सगळं कलेक्शन पडून आहे. पुढे काय करायचं त्याचं? भाऊ म्हणतो कुणीतरी घेऊन जाईल. मला कळत नाहीये कुठून सुरू करू.

तुमचं पत्र मी परत परत वाचलं. तुम्हाला ओळखत नाहीत आणि झाडाचं नाव सांगतात याचं वाईट वाटणं साहजिक आहे, ते मनाला लावून घेऊ नका असं मी म्हणणार नाही, लागतंच ते. पण त्यांची ती नावं अजून शाबूत आहेत तोवर त्या वाटेने त्यांच्यासोबत बसता येईल. सकाळी, ते ताजे असताना, एक गठ्ठा घ्या, एकेक शीट समोर धरा आणि फक्त विचारा हे काय, कुठे मिळालं होतं, सोबत कोण होतं. मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करा, सुरुवातीला शीटवरचा नंबर मोठ्याने म्हणा म्हणजे नंतर गोंधळ होणार नाही. दमले की थांबा. चुकीचं सांगितलं तरी वाद घालू नका, जे सांगतील ते सांगतील, खात्री नंतर करता येते. आणि त्यांनी आज जे सांगितलं ते लेबलवर चढवताना आजची तारीख आणि वडिलांनी आठवणीतून सांगितलं असं स्वच्छ लिहा, जुन्या नोंदीत मिसळू नका.

कुणीतरी घेऊन जाईल असं होत नाही. लेबल नसलेलं स्पेसिमेन हर्बेरियमवाले बहुतेक घेत नाहीत आणि त्यात त्यांचा दोष नाही, ठिकाण आणि तारीख नसेल तर ते नुसतं वाळलेलं झाड आहे, त्यावरून काही म्हणता येत नाही. फुलाचा रंग, झाडाची उंची, खोडाला चीक होता का, वास होता का, हे तर वाळल्यावर कायमचं जातं, लेबलवर असेल तरच कळतं. म्हणून आधी त्यांची फील्डची वही शोधा. जुने अभ्यासक प्रत्येक झाडाला एक नंबर द्यायचे आणि बाकी सगळं वहीत लिहायचे, शीटवर नुसता नंबर. वही हरवली की सगळं कलेक्शन मुकं. ती सापडली की पहिल्या दिवशी तिच्या प्रत्येक पानाचा फोटो काढा, मग बाकी काम.

कुठे द्यायचं ते शोधायला इंडेक्स हर्बेरिओरम नावाची यादी आहे, न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डन चालवतं, नेटवर फुकट बघता येते, जगभरातली ३००० हून जास्त हर्बेरियम त्यात पत्त्यासकट आहेत. वडिलांनी ज्या भागात काम केलं त्या भागातल्या झाडांवर जिथे काम चालतं अशा ठिकाणी आधी लिहा, आणि पत्रात एवढंच सांगा की साधारण किती शीट, कोणत्या वर्षांमधल्या, कोणत्या भागातल्या, लेबल किती शीटना आहे, वही आहे की नाही, विष लावलंय का. वडिलांनी एखाद्या नव्या स्पीशीजचं (जातीचं) वर्णन केलं असेल तर ते सगळ्यात आधी सांगा. १९९० पासून नव्या नावासाठी टाइप स्पेसिमेन (ते नाव ज्याला कायमचं जोडलेलं असतं तो नमुना) कुठल्या हर्बेरियममध्ये ठेवलंय हे छापावंच लागतं, तर छापलंय तिथे ते खरंच पोचलंय का बघा. घरात राहिलं असेल तर ते एक शीट बाकी सगळ्याच्या आधी गेलं पाहिजे.

आणि कलेक्शन फोडू नका. भावाला एक गोष्ट सांगा, झाडांना दोन शब्दांची लॅटिन नावं द्यायची पद्धत रुजवणारा स्वीडनचा लिनियस १७७८ मध्ये गेला, पाच वर्षांनी त्याचा मुलगाही गेला, तेव्हा लिनियसच्या विधवेने, सारा एलिझाबेथने, झाडं, पुस्तकं, पत्रं असं सगळं एकत्रच एका तरुण इंग्रजाला, जेम्स एडवर्ड स्मिथला १७८४ मध्ये विकलं. ते आज लंडनमध्ये लिनियन सोसायटीत आहे आणि लिनियसने दिलेल्या नावाचं नेमकं झाड कोणतं हा वाद आला की लोक अजूनही त्या शीट उघडतात. तिने चांगल्या चांगल्या शीट इकडे आणि पत्रं तिकडे अशी वाटून टाकली असती तर हे झालं नसतं.

वही सापडली की मला कळवा. अक्षर लागत नसेल तर दोन पानांचे फोटो पाठवा, जुन्या लोकांच्या खुणा मला बऱ्याच ओळखता येतात, आपण मिळून लावू.